पाचवा हात

मामाजी, मी कोण ते आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही हे दुसऱ्या कोणाचं पत्र समजून बाजूला ठेवाल. लाखांदूरच्या बाजारात आपली छत्री नेऊन येताना दुसऱ्याची आणणारे तुम्ही. एकदा तर छत्री तिसऱ्याची आणि चपला चौथ्याच्या घालून आले, वर म्हणाले, "आज चपला काहून चावून राहिल्या?" तर मी तुमची मोठी सून. लिहून घेते आहे माझी नात, म्हणजे तुमची पणती. तुम्ही गेले तेव्हा ती जन्मलीही नव्हती. आता भंडाऱ्याला कॉलेजात जाते आणि माझ्या बोलण्यातल्या चुका काढते. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. म्हटलं, लिही बाई तसंच, मामाजींना वाटेल सून मेहनत करून शिकली. मला अक्षर येत नाही हे तुम्ही विसरले नसाल. की तेही विसरले? "आजी, पत्ता काय टाकू?" ती विचारते. म्हटलं, आधी मजकूर तर होऊ दे.

आपण इतकी वर्षं एका घरात राहिलो आणि बोललो मात्र नाही. भांडण नव्हतं, रीत होती. सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं नाही, सरळ बोलायचं नाही, बोलायचं ते मधल्या तोंडानं. तुम्ही सासूबाईंना म्हणायचे, "सूनबाईले म्हणा, पाणी गरम करा म्हणा," आणि मी तिथंच चुलीपाशी. सासूबाई मान वळवेपर्यंत पाणी चुलीवर चढलेलं असायचं. सासूबाई घरी नसल्या तर तुम्ही बैलाशी बोलायचे. "काय रे, आज भाजीत मीठच नाही वाटते." बैल बिचारा तणीस चघळत उभा, आणि मी आत मिठाचा डबा उघडते आहे. मीही काही कमी नव्हते. मी मांजरीला ऐकवायची, "मीठ बरोबर आहे वो मांजरीबाई, लोकाईच्या जिभेलेच चव नाही राहिली." तुम्ही हसायचे ते ऐकू यायचं. हसताना तुमचं तोंड कसं होतं, ते मी कधी पाहिलं नाही.

मग जिल्हा फुटला. अर्जुनीकडचं माझं माहेर गोंदियात गेलं, सासर भंडाऱ्यात राहिलं, आणि तुम्ही बैलाला सांगितलं की आता सूनबाई परजिल्ह्यातली झाली, तिच्याशी जपून राहा. त्यानंतर ग्रामपंचायतीची निवडणूक आली. सात जण निवडून आले. त्यांत तुम्ही होते, कारण गावाची भांडणं आपल्या ओसरीवर मिटायची, तुमच्या शब्दाला वजन होतं. मी होते, कारण बायांची जागा भरायला कोणीतरी पाहिजे होतं. आणि सरपंचपद राखीव निघालं ते नेमकं आमच्या वर्गातल्या बाईसाठी. तशी बाई सातांत मी एकटीच. झाली अंगठेवाली सरपंच! माझ्या बाजूनं तिघं: मी, तुम्ही आणि ढिवर मोहल्ल्यातली मासोळी विकणारी बाई. समोर उपसरपंच धरून चौघं. म्हणजे सरकार माझं, पण गठ्ठा त्यांचा. ते टिकून होतं ते एवढ्यासाठी, की सरपंचाला पाडायला पाच हात लागत आणि त्यांच्याकडे चारच होते. दिल्लीचं सरकार एका मतानं पडलं होतं ते लोकांच्या तोंडी अजून ताजं होतं. पानठेल्यावर उपसरपंच मला ऐकू जाईल असं म्हणायचा, "दिल्लीचं टिकलं नाही, तं हे गल्लीचं कितीक दिवस टिकन?" मी म्हणायची, "भाऊ, दिल्लीले सासरा नव्हता." पानठेला हसायचा. मलाही ते मोठं हुशारीचं बोलणं वाटायचं.

पण खुर्ची आली आणि आपली रीत अडचणीत आली. सरपंचाची हातवाली खुर्ची टेबलामागं, समोर सदस्यांच्या खुर्च्या, त्यांत तुम्ही. मी बसू कशी? पहिली सभा मी उभ्यानं काढली. ग्रामसेवक म्हणतो, "सरपंचबाई, बसा ना," आणि मी म्हणते, "राहू द्या, पाय मोकळे करून राहिली." दुसऱ्या सभेला तुम्ही आले, आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. भिंतीवर कुटुंबनियोजनाचं चित्र होतं, दोन लेकरांचं हसरं घर. सहा लेकरांचे बाप तुम्ही, आणि सुनेला बसता यावं म्हणून सभेमागून सभा त्या चित्राकडे पाहत राहिले. लोक खुसखुसले. मी बसले. जन्मात खुर्चीवर बसण्याची माझी ती पहिली वेळ. पुढं हीच पद्धत पडली. ग्रामसेवक नळाचा, दिव्याचा, नालीचा ठराव वाचायचा आणि म्हणायचा, "ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावा." की सगळ्यांत आधी तुमचा हात वर जायचा, बांधावरून पाखरं हाकलावी तसा झटक्यानं. समोरचं तुम्हाला काही दिसत नव्हतं. ठराव सुनेचा आहे एवढं तुम्हाला पुरत होतं.

अशातच तलावाचं निघालं. आपल्या तलावातली मासोळी वर्षानुवर्षं बाहेरचा ठेकेदार नेत होता आणि काठावरचे ढिवर त्याच्याकडे मजुरीनं जाळं टाकत होते. मी ठराव आणला की ठेका गावच्या ढिवरांनाच द्यायचा. उपसरपंचाच्या चौघांतला एक गडी त्या दिवशी सासुरवाडीला गेलेला. तीनास तीन झाले, आणि बरोबरी झाली की सरपंचाचं मत दोनदा धरतात हे मला तेव्हा कळलं. ठराव पास. ढिवर मोहल्ल्यातल्या बाया माझ्या घरी झिंगे घेऊन आल्या आणि तुम्ही बैलाला म्हणाले, "सरकार कामाचं आहे रे!" ठेकेदार मात्र उपसरपंचाच्या घरी जाऊन बसला, आणि पंधरवड्यात माझ्यावर अविश्वासाचा ठराव आला. चौघं तर होतेच. पाचव्याचा शोध सुरू झाला. मासोळीवाल्या बाईकडे साडी गेली. तिनं साडी परत केली आणि मला येऊन सांगितलं. मी तिला बसवून समजावलं, की यावेळी उलटं आहे. ठराव आपल्याविरुद्ध आहे, म्हणून हात वर करायचा नाही, मांडीखाली दाबून बसायचं. ती वैतागली. "कितीदा सांगशीन वो! मी का लहान पोरगी आहो?"

तिला तीनदा सांगितलं. तुम्हाला एकदाही नाही. सांगू कशी? सासूबाईंकरवी सांगायचं तर त्या म्हणाल्या असत्या, आता सून सासऱ्याले अक्कल शिकवन काय? आणि ही गोष्ट काही मांजरीला ऐकवण्यासारखी नव्हती. म्हटलं, घरचंच माणूस आहे, गावाला न्याय देणारं. त्यांना काय सांगायचं.

सभेला तालुक्याहून साहेब येतात. त्यांना तुमची पाठ दिसते. "अहो, इकडं तोंड करून बसा." तुम्ही भिंतीकडे पाहतच म्हणता, "सायब, सरपंचबाई माही सून आहे. मी वळलो तं तिले उठा लागन. तुम्ही चालू द्या." साहेब हसतात, चालू देतात. ठराव वाचला जातो, लांबलचक, जड सरकारी भाषेत. बाहेर दाराशी अर्धं गाव उभं आहे. आणि शेवटी तेच वाक्य येतं, जे तुम्ही इतक्यांदा ऐकलं होतं: "ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावा." मामाजी, सगळ्यांत आधी तुमचा हात वर जातो. तसाच, झटक्यानं. उपसरपंचाचा हात अजून मांडीवरच आहे. तो तुमच्या हाताकडे पाहतो, तोंड उघडंच, मग घाईघाईनं त्याचा जातो, मग त्याच्या तिघांचे. मासोळीवाली दोन्ही हात मांडीखाली घालून माझ्याकडे डोळे फाडून पाहते. साहेब मोजतात. मी तोंड उघडते. "मामाजी, हात खाली घ्या," एवढंच म्हणायचं आहे. गावासमोर, साहेबासमोर मी खडाखडा बोलायची, पण सासऱ्याशी बोलायची जिभेला सवय नव्हती, आणि शिकायला तेवढा वेळ नव्हता. साहेब म्हणाले, "पाच." पडलं आपलं सरकार. तुम्ही वळले तेव्हा मी खुर्चीवरून उठलेली होते, रीतीप्रमाणे. तुम्ही काही विचारणार, तोवर त्या चौघांनी तुम्हाला उचललं आणि कपाळभर गुलाल लावला.

गावानं एकच अर्थ काढला, की सासऱ्याला सुनेचा मान सोसला नाही. कोणी म्हणे ठेकेदारानं दिलं असेल. तुम्ही 'मले समजलं नाही' एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. नाही म्हटलं. ज्याच्या ओसरीवर गावाचे तंटे मिटतात त्याला साधा हात कधी वर करावा हे कळलं नाही, असं कसं म्हणायचं? तुम्ही दगाबाज म्हणवून घेतलं, पण वेडे म्हणवून घेतलं नाही. बैलाशी बोलणंही थांबलं तुमचं. कारभार उपसरपंचाकडे गेला आणि ढिवर परत मजुरीनं जाळं टाकू लागले. आणि मला तर पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं. इतक्या सभा मी तुमची पाठ पाहिली होती. दगा देणारा हात इकडंतिकडं पाहून दमानं वर जातो, मामाजी. तुमचा खुशीनं गेला होता.

पुढं पंचायतीची मुदत भरली, निवडणूक आली. मी फॉर्म भरला. तुम्ही भरला नाही, पण डोक्याला टोपी घालून दारोदार निघाले. आयुष्यात कोणाच्या उंबऱ्यावर काही मागायला न गेलेले तुम्ही, "मत माह्या सुनेले द्या" म्हणत खालचा मोहल्ला, वरचा मोहल्ला, ढिवर मोहल्ला. तुमच्याच वयाचा एक जण तोंडावर म्हणाला, "आधी बुडवलं, आता दोर घेऊन कायले फिरता?" तुम्ही पुढच्या घरी गेले. हे मी विहिरीवरून पाहत होते. कोणी तुम्हाला थांबवायला पाहिजे होतं, कारण तुम्ही जिथं जिथं जात होते तिथलं मत फिरत होतं. मी पडले. पुढं एका बाईनं सांगितलं, "तुहे मामाजी येऊन गेले म्हणूनच दिलं नाही वो. म्हटलं, एकदा सुनेले पाडलं, आता आपल्याकडून पाडून घेऊन राहिले काय?"

त्यानंतर तुम्ही तीन पावसाळे काढले. शेवटी भंडाऱ्याच्या दवाखान्यात होते. एका दुपारी सगळे जेवायला खाली गेले आणि खोलीत आपण दोघंच. मध्ये तोंड नाही, बैल नाही, मांजर नाही. मी भिंतीशी उभी. तुमच्या हाताला सलाईन, कूस बदलता येत नव्हती. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, बाजूच्या स्टुलाकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. झोप नव्हती ती. पापण्या हलत होत्या. मी बसले. तेव्हा म्हणायचं होतं, मामाजी, मला माहीत आहे, तो हात माझ्यासाठीच होता. शब्द मनात जुळवले, दोनदा जुळवले, आणि तोंडातून काय निघालं? "चहा आणू काय?" तुमच्याशी सरळ बोललेलं माझं ते एकच वाक्य. तुम्ही डोळे मिटूनच म्हणाले, "आण." मी चहा घेऊन आले तोवर सगळे परत आले होते.

नात मध्येच लिहायची थांबली. विचारते, "आजी, त्यांना नाही तर नाही, गावाला तरी सांगायचं होतं, की चुकून झालं." मी तिला म्हटलं, गाव त्यांच्यावर रागावलं ते चाललं, हसलं असतं तर ते ओसरीवर बसले नसते. हे खरंच आहे. पण पुरतं खरं नाही. त्या दिवसांत विहिरीवर बाया मला पुढं करायच्या. "भरू द्या वो तिले आधी, बिचारीले घरच्यानंच बुडवलं." सरपंच असताना मला कोणी रांग सोडली नव्हती. ते गोड लागलं, मामाजी. तुमच्या नावावर मी कितीतरी दिवस पहिली घागर भरली.

तर हे पाठवायचं नाही आहे. तिला म्हटलं, एकदा वाचून दाखव आणि घडी करून ठेव. आजही मध्ये एक तोंड लागलंच. परवा पितरपाखात तुमची तिथ आहे. दरसाल मी तुमचं पान मांडते, उडदाचे वडे, कढी, भात, आणि तुम्ही बरं की वाईट कधी कळवत नाही. यंदा उलटं करा, तुम्हीच पाठवा. वडे नको, दात राहिले नाहीत. सासूबाईही आता तिकडंच आहेत, त्यांना तांदळाची खीर करायला सांगा, पातळ, गूळ बेताचा, मला साखरेची बिमारी झाली आहे. बिघडली तर मी कोणाकरवी निरोप देणार नाही, सरळ तुम्हालाच सांगेन. वाटी मोठी पाठवा.