खुर्चीएवढं दार

अम्मी,

मिरजोळ्याला नवा फ्लॅट बघून आलो. मागच्या वेळी इमारतीला लिफ्ट नाही हे मी मनावर घेतलं नाही, आणि तुझी दोन वर्षं दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत गेली. आता त्या खिडकीकडे आम्हाला बघवत नाही. या वेळी नळ सोडून पाहिले, लिफ्ट पाहिली, बाथरूमचं दार टेपने मोजलं.

एजंटने विचारलं, "दार कशाला मोजताय?"

"अम्मीची चाकांची खुर्ची आत जायला हवी."

"आरामात जाईल. कधी आणताय त्यांना?"

तुला पावसच्या कब्रस्तानात ठेवून महिना झाला, हे माझ्या तोंडून निघेना. तुझी सून टेपचं दुसरं टोक धरून उभी होती. ती म्हणाली, "सामान लावून झालं की आणू."

तुझा,
हमझा