जंतूंच्या फ्रीजमधलं श्रीखंड

१० फेब्रुवारी
फ्रीज रिकामा! चार महिने लॅबच्या त्या फ्रीजला माझ्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. बहात्तर प्लेटा होत्या. वलगावच्या शेतांतली कपाशीच्या मुळांची माती, त्यातले जंतू एकेक वेगळे करून वाढवलेले. माझा एम.एस्सी.चा सगळा प्रबंध त्यावर. अर्ध्यांचे आकडे अजून घ्यायचे होते! आता तिथे काय? उद्याच्या मूल्यांकन समितीसाठी पुष्पगुच्छ आणि श्रीखंडाचे डबे.

खा म्हणावं. पोट बिघडलं की मलाच बोलवा, तपासून देईन.

लॅबचे शिपाई नत्थुजी समोर दिसले, त्यांच्यावरच मी ओरडले. ते मान खाली घालून उभे. "ढोले सरांनी सांगतलं ताई, सारं फेक म्हने. मी म्हनलं, पोरीचं काम हाये. तर म्हने, समिती मोठी का पोरगी मोठी?"

ढोले सर. माझे गाइड!

११ फेब्रुवारी
समिती आली. कुंड्या भाड्याच्या, ग्रंथालयातली निम्मी पुस्तकं दुसऱ्या कॉलेजातून उसनी. मला साडी नेसवून दारात कुंकवाचं तबक घेऊन उभं केलं. सर म्हणाले, "ही आमची संशोधक विद्यार्थिनी!" आणि मी हसले. हसले मी! स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

१३ फेब्रुवारी
सरांना गाठलं. म्हणे, "अर्धे आकडे आहेत न तुझ्याजवळ? बाकीचे अंदाजानं भर. कोण पाहून राहिलं?"

मी पाहून राहिले! पण हे मनात. तोंडाने म्हटलं, "विचार करते, सर."

१४ फेब्रुवारी
भरणार नाही. नाही म्हणजे नाही. नापास करा.

कुलसचिवांच्या नावे तक्रार लिहिली. दोन पानं, सरांचं नाव तीनदा. आईला फोनवर वाचून दाखवली. ती अकोल्याला शाळेत शिकवते. अर्ज लिहिण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही.

"नाव काहून टाकलं त्याचं? तुही व्हायवा त्याच्याच हातात हाये. नुसतं लिही, लॅबमधून सामान फेकल्या गेलं, चौकशी व्हावी. वरच्याचं नाव घेत नसतात अर्जात. त्यायले समजते बरोबर."

खूप भांडले तिच्याशी. भित्री म्हणाले. फोन आपटला.

मग नाव खोडलं. तिन्ही ठिकाणी.

१५ फेब्रुवारी
अर्ज दिला. पोच घेतली.

२४ फेब्रुवारी
प्रबंधाला तीन महिन्यांची मुदतवाढ! नव्याने माती आणायची, नव्याने प्लेटा करायच्या, पण खोटा आकडा एकही भरायचा नाही. रूममेट मंजुषाने कचोऱ्या आणल्या. "वाघीण आहेस तू," म्हणाली. आईला फोन केला, "मी काय सांगतलं होतं?" एवढंच बोलली, पण खूश होती. मीही खूश. चौकशी सुरू आहे म्हणतात. होऊ दे! ढोल्याची चांगली जिरू दे.

३ मार्च
नत्थुजींना कामावरून काढलं. अठरा वर्षांची नोकरी. आदेश चार ओळींचा. त्यात कारण दिलंय: विद्यार्थिनीची लेखी तक्रार. चौकशी अधिकारी ढोले सरच होते. त्यांनीच एक कॉपी माझ्या हातात ठेवली.

"घे. झालं न तुझ्या मनासारखं?"