खालच्या पानावरचा हात

पोलादपूर
मंगळवार, दि. २२ एप्रिल २०२५, सकाळचे सव्वासात. वहीच्या पानावर कोमट इस्त्री फिरवत होतो, ती बाजूला ठेवून लिहीत आहे.

सौ. आम्रपालीताईस,

अश्वजितचा सविनय जयभीम. वि. वि. घरचा फोन सतत आईजवळ असतो, म्हणून हे पत्र चांगूच्या टेम्पोतून दासगावला पाठवतो.

आईच्या निवृत्तीच्या निरोपासाठी केलेली वही बिघडली. तिच्या अंगणवाडीतून गेलेल्या वीस जणांचे पंजे मी पेन्सिलने गिरवून आणले होते, एका पानावर एक. तिच्याच जुन्या सुती पातळाचं कव्हर शिवलं. परवा तू पाठवलेल्या मार्करांनी हात रंगवले. झेरॉक्सच्या दुकानात मी शेवटचं पान आधी काढतो, म्हणजे गठ्ठा सरळ लागतो. त्याच सवयीने वही मागून पुढे रंगवत आलो. सगळं संपवून उघडतो तर प्रत्येक हाताचा रंग खालच्या पानावर उतरलेला. रेश्माच्या पिवळ्या तळव्यात तुझी निळी बोटं. शेवटच्या कोऱ्या पानावर सहदेवचा हिरवा पंजा एकटाच.

मला काही कळत नाही. याच कागदावर माझ्या स्केचपेनांनी असं कधी झालं नाही. चूक कागदाची, मार्करची की माझी? इस्त्रीने डाग आणखी पसरले. पुन्हा करावं तर जयंतीला आलेले निम्मे जण मुंबईला परत गेले, आणि समारंभ तीस तारखेला. हीच वही द्यावी की साडी घ्यावी?

भाऊजींना जयभीम. रागावणार असलीस तरी उत्तर लवकर दे.

तुझा
अश्वजित

दासगाव
दि. २४ एप्रिल

चि. अश्वजित यास ताईचे अनेक आशीर्वाद.

चांगूने पत्र दिलं आणि वर सांगितलं की अश्वा दोन दिवस जेवला नाय, म्हणे कागद आजारी हाय.

महाडच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, ते मार्कर स्पिरिटचे, शाई कागदात मुरून पार होते. स्केचपेनची शाई पाण्याची, ती वरवर राहते. पानाखाली जाड पुठ्ठा ठेवायचा असतो. विकताना त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. इस्त्री ठेवून दे. साडी नको, आहेत त्याच ती नेसत नाही. वहीच दे.

दुसरं. वीस जणांत तुझा हात कुठे आहे? नर्स, वायरमन, पोलीस असे काहीतरी झालेलेच घ्यायचे, असं तू ठरवलंस म्हणे. मग वहीत हात असलेल्या चांगूने कोणते दिवे लावलेत? टेम्पो मागे घेताना अजून लोकांची कुंपणं पाडतो. नववीत शाळा सुटली म्हणून तू आईच्या अंगणवाडीत खिचडीच खाल्ली नव्हतीस का?

जेवत जा. माया आहेच.

तुझी
ताई

पोलादपूर
दि. ४ मे

सौ. ताईस सविनय जयभीम.

बुधवारी समारंभ झाला. आईने सगळ्यांसमोर पानं उलटली आणि पर्यवेक्षिकाबाईंना म्हणाली की पोरांना रांगेत नेताना मी सांगायची, पुढच्याचा हात सोडू नका, आणि माझ्या लेकाने बघा तस्संच काढलंय, कुणी सोडलाच नाय. बायांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटच्या पानाशी ती थांबली. सहदेवाने हात कुणापुढे केलाय, असं तिने विचारलं. घरी आल्यावर तिने मार्कर मागितला, माझं मनगट धरून पंजा त्या पानावर दाबला आणि लहानपणी गिरवायची तसा स्वतः गिरवून रंगवला. खाली पुठ्ठा ठेव, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर बाकीचंही सांगावं लागलं असतं.

शाई पातळाच्या कव्हरातून पार झाली. वही पालथी ठेवली की माझा हात बाहेर दिसतो. खरं काय झालं ते तिला सांगावं की नाही, हे मला अजून कळत नाही. घरी कुणी आलं की ती वही आधी पालथी करून दाखवते.

चांगू उद्या तिकडून परत निघेल. सांगू की नको, एवढं त्याच्याकडे लिहून दे, आणि या गोंधळ्या भावाला असंच सांभाळून घे.

तुझा
अश्वजित