नसलेली नखं, घरातली सोयरीक

३ फेब्रु., इंदापूर
सणसरहून आक्का आली. हातात हुरड्याची पिशवी, पोटात प्रस्ताव. "आण्णा, मुक्ता आमच्या विकासला दे. मामाची पोरगी, हक्काची. घरातल्या घरात झाकून ऱ्हाईल."
झाकायचं एवढंच की आमच्या लेकीच्या वीसही बोटांना जन्मापासून नखं नाहीत. बाकी नखशिखान्त ठणठणीत. (शब्द बदलावा लागेल.) याआधीची दोन स्थळं बोटं पाहून गेली. चहा मात्र संपवून. आज हिच्या, मुक्ताच्या आईच्या, डोळ्यांत पाणी. मीही विरघळलो.

४ फेब्रु.
मुक्ताला पुन्हा ऐकवलं: नख म्हणजे न + ख. शब्दातच नकार, तू तो फारच मनावर घेतलास.
"बाबा, हे दहावीपासून ऐकतेय."
विकास पसंत आहे का? सुरीने मटार सोलत होती. टरफलं पातेल्यात, दाणे कचऱ्यात. समजलो: पसंत.

९ फेब्रु., बारामती
मुक्तानेच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. "लग्नाआधी विचारलेलं बरं."
बाई म्हणाल्या, हे तुम्हा दोघांकडून आलंय, आईकडून आणि वडिलांकडून. तुम्हाला नखं असली तरी. बहिणीकडे, भाच्याकडेही असंच लपलेलं असू शकतं. म्हणजे परक्यापेक्षा आतेभावाशी लग्न केलं तर बाळालाही नखं नसण्याची शक्यता जास्त. झाकायला जिथे निघालो, नेमकं तिथेच...
परतताना एसटीत मुक्ता: "नसली तर नसली. माझं काय अडलं?"
"नेलकटरवाल्याचं अडलं."
हसली. सणसर आलं तेव्हा मात्र खिडकीकडे पाठ. मुद्दाम.

१० फेब्रु.
आक्काला फोनवर सगळं सांगितलं.
"म्हंजी आमच्याकडं बी आसंल व्हय?" मग, "इचार करावा लागंल, आण्णा."
सुनेचं झाकणार होती, नातवाचं म्हटल्यावर हात आखडला. राग आला. मग वाटलं, ती आजी होऊन बोलली, मी बाप होऊन रागावलो. दोघंही कामावरच.
वळलो तर मुक्ता दारात. फोन स्पीकरवर होता. गाढवपणा माझा.

१२ फेब्रु.
पेपरला द्यायची साखर कारखान्याची बातमी अर्धी. विकासचा फोन आला. मला नव्हे, तिला. गच्चीवर गेली. जिन्यात एवढंच कानावर पडलं:
"आत्याचं कळलं मला. तुझं सांग."
तो बोलतोय की गप्प आहे, इथून काही कळत नाही. मुक्ताची आई दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आली. मी बातमी लिहितोय असं दाखवतोय.