चौदा नंबरची कूस

३ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कंबरेला शेक घेतेस ना, की जन्मभर दुसऱ्यांना शेक देऊन स्वतःचा कंटाळा आला? आम्ही दोघं बरे आहोत. कपाट आवरताना तुझ्या वहिनीला तिचं दवाखान्यातलं जुनं घड्याळ सापडलं, ते छातीशी पिनेने लटकवायचं, आपल्याला उलटं नि घालणाऱ्याला सुलटं दिसणारं. तिने ते पुसलं, चावी दिली आणि आता दिवसभर मिरवते आहे. मी विचारलं की हेड सिस्टर पुन्हा कामावर रुजू झाल्या की काय, तर चेहरा जराही न हलवता म्हणाली की रजा संपली. एक्केचाळीस वर्षं झाली, हिची थट्टा कुठे सुरू होते नि कुठे संपते हे मला अजून कळत नाही.

आता मुद्द्याचं. हसायचं असेल तर आधी हसून घे. माझ्या तळघरात काहीतरी चाललं आहे.

माझा पोर्ट वाइनचा नाद तुला ठाऊक आहे. निवृत्तीच्या दिवशी आमच्या भूगोलाच्या मास्तरांनी अंगठ्याएवढ्या पेल्यातून ती मला पहिल्यांदा पाजली. एका घोटात सुकं अंजीर, अक्रोड आणि जुन्या पुस्तकाच्या बांधणीचा वास. वाटलं, शाळेचं ग्रंथालयच कोणीतरी साखरेत मुरत घातलंय. तेव्हापासून एकेक करत सोळा बाटल्या जमल्या. पिण्यापेक्षा बघण्यातच माझा जास्त वेळ जातो, हे तुझ्या यजमानांना कधी पटणार नाही.

ही वाइन बाटलीतसुद्धा वर्षानुवर्षं पिकते आणि पिकताना गाळ धरते. बाटली आडवी ठेवली की तो गाळ खालच्या अंगाला सायीसारखा चिकटून बसतो. मग तिला हलवायचं नाही. खालचं अंग वर आलं तर वीस वर्षांची शांतता एका मिनिटात गढूळ. म्हणून वरच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा एक फटकारा मारलेला असतो, तो कायम छताकडे. माझा दुकानदार, त्याला मी बुचवाला म्हणतो, तो ग्राहकाच्या हातात बाटली देण्याआधी ही ताकीद देतो.

माझ्या दोन फळ्या, एकेकीवर आठ बाटल्या. फळीच्या कडेला खडूने नंबर घातलेत. मास्तरकी जाते कुठे? चौदा नंबरला आमच्या लग्नाच्या सालची बाटली आहे. ती लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला उघडायची ठरली होती, मीच म्हटलं अजून पिकू दे.

काल खाली गेलो तर सोळाच्या सोळा फटकारे डावीकडे वळलेले. एकही बाटली फुटलेली नाही, एकही कमी नाही. चोरी झाली असती तर बरं वाटलं असतं गं, चोराचं कारण तरी कळतं. मी कठड्याला धरून वर आलो आणि पाणी प्यायलो. हिला सांगितलेलं नाही, उगाच घाबरेल. तूही पत्रात काही लिहू नकोस.

लोभ आहे तिथेच राहू दे, हलवू नकोस.

तुझा
दादा


९ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि आधी हसून घेतलं, परवानगी दिली होतीस म्हणून. उंदीर असेल तर तो तुझ्याच वर्गातून शिकून गेलेला दिसतो. सोळा बाटल्या एका दिशेला वळवायच्या म्हणजे शिस्त हवी. आमच्या यजमानांचा निरोप असा आहे की दादांनी रोजचा पेला अर्धा केला तर सगळे फटकारे आपोआप छताकडे दिसतील. मी त्यांना सांगितलं की माझा दादा पितो कमी आणि कविता जास्त म्हणतो, त्याची नशा उतरत नाही एवढंच.

पण खरं सांगते, रात्रभर तुझं ते पाणी पिणं डोक्यात राहिलं. तळघराला कुलूप लाव. पाणीवाल्याला, वीजवाल्याला, कोणालाही एकटं खाली पाठवू नकोस. जिना उतरताना दिवा लावत जा.

वहिनीने मला गेल्या महिन्यात दोन पत्रं पाठवली, चार दिवसांच्या अंतराने, दोन्हींत तोच मजकूर, स्वल्पविरामासकट. तिला सांग, तुझी नणंद बुटकी असली तरी तिला एकदा सांगितलेलं कळतं.

कुलूप लावलंस की लगेच कळव. लोभ कुलपाबाहेरच ठेव.

तुझी
मुंगी


१७ फेब्रुवारी

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

कुलूप लावलं. किल्ली माझ्या जुन्या चष्म्याच्या डबीत ठेवली. ती जागा या घरात फक्त मला आणि हिला माहीत. मधल्या काळात मी सगळे फटकारे पुन्हा छताकडे करून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी कुलूप जसंच्या तसं, किल्ली डबीत, आणि बाटल्या फिरलेल्या.

मग मी मास्तरांनी करायचं तेच केलं, तक्ता आखला. दिवसातून चार वेळा खाली जाऊन नोंद घेतली. वाचनालयातून साडेदहाला आलो तर फटकारे डावीकडे. गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालून साडेबाराला उतरलो तर छताकडे. दुपारची झोप झाल्यावर, अडीचला, उजवीकडे. फिरून आलो साडेचारला, तर पुन्हा छताकडे. तीन दिवस हेच. तक्ता सोबत जोडला आहे, बघ.

बाहेरून कोणी आलेलं नाही. हिला तर तो जिना उतरवत नाही, गुडघ्यांमुळे वर्षभरात ती तळघरात पाऊल टाकू शकलेली नाही. मग या घरात उरलं कोण?

मुंगे, मला आपले आबा आठवतात. शेवटच्या वर्षी ते आपल्याच घराची कडी वाजवून मास्तर घरी आहेत का म्हणून माझीच चौकशी करायचे. तू आत येऊन बसा म्हणायचीस, आणि ते पाहुण्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसून मास्तरांची वाट बघायचे. आता माझी पाळी आली असेल काय? मीच उठून जात असेन, कुलूप उघडत असेन, बाटल्या फिरवत असेन आणि वर येऊन विसरत असेन काय?

मी रोज आंघोळीच्या वेळी स्वतःची परीक्षा घेतो. पाचवीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता ओळीने म्हणतो. तेहतीस वर्षं शिकवल्या, झोपेत विचारल्या तरी यायच्या. काल त्या नावाड्याच्या कवितेत चौथ्या कडव्याची तिसरी ओळ गेली. अंगावरचं पाणी वाळलं तरी आठवली नाही. हिला विचारायची लाज वाटली.

तुला वाटेल, खाली खुर्ची टाकून बस आणि बघ. दोनदा खुर्ची उचलली आणि परत ठेवली. कोणी आलं तर काय, ही भीती आहे. आणि कोणीच आलं नाही तर, ही त्याहून मोठी.

ही मात्र मजेत आहे. दिवसातून दोनदा चहा करते आणि तिसऱ्यांदा विचारते की चहा टाकू का. माझ्यावर इतकी माया एकदम कुठून आली म्हणून मी चिडवतो. तिला यातलं काही कळता कामा नये. डॉक्टरांकडे मी एकटाच जाईन. ते काय सांगतील ते ऐकून घरी येताना रस्ता आठवला म्हणजे झालं.

लोभ असू दे. माझा कमी पडला तर विसरलो असेन असं समज.

तुझा
दादा


२२ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि.

आज थट्टा नाही. तुझा तक्ता मी समोर ठेवला आहे आणि तासभर झाला, त्याच्याकडे बघत बसले आहे. दादा, हे वेळापत्रक मला पाठ आहे.

मी शिकाऊ म्हणून दवाखान्यात लागले ते वहिनीच्या हाताखाली. तेव्हा ती वहिनीही नव्हती, मोठी सिस्टर होती, आणि आम्ही सगळ्या तिला चळाचळा कापायचो. आमच्या वॉर्डात बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेले रोगी. सोळा खाटा, दोन रांगा, आठ-आठ. ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही त्याची पाठ सोलून निघते, म्हणून दर दोन तासांनी आम्हीच कूस बदलायची. दहाला डावी कूस. बाराला पाठ. दोनला उजवी कूस. चारला पाठ. एकदा दोनची कूस मला सव्वादोनला आठवली, तर तिने मला सगळ्या वॉर्डासमोर विचारलं की तुला पंधरा मिनिटं एका जागी काठीसारखं पडून बघायचंय का. बघायला लावलंही.

ते उलटं घड्याळ ती कशासाठी लावते हे मी तुला आता लिहायला नको.

तू आबांच्या वाटेने चाललेला नाहीस. ही ओळ लिहिताना मला हायसं वाटायला हवं होतं.

माझं एवढं ऐक. पत्र मिळताच दोनच्या आधी खुर्ची घेऊन खाली जा आणि शांत बस. ती आली तर हाक मारू नकोस, दचकवू नकोस, काय करतेस म्हणून तर मुळीच विचारू नकोस. जिना उतरताना तिचा तोल सांभाळायला मात्र तयार राहा. मला खरी भीती त्या जिन्याची आहे. एकदा पाय सरकला तर.

इथेच थांबते. लोभ आहेच, पण आजचा सगळा वहिनीला दे.

तुझी
मुंगी


४ मार्च

चि. मुंगीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी पावणेदोनला खाली जाऊन बसलो. कुलूप उघडंच ठेवलं होतं. बरोबर दोनला वर दार वाजलं.

ती बसून आली, मुंगे. एकेका पायरीवर बसत, हाताने अंग पुढे सारत, लहान मूल उतरतं तशी, चौदा पायऱ्या. मी खाली हात पसरून उभा, आणि हाक मारायची नाही म्हणून जीभ दातांत धरलेली. शेवटच्या पायरीवर तिने घड्याळ उचलून पाहिलं आणि पहिल्या फळीकडे गेली. एक हात बाटलीच्या मानेखाली, एक खालच्या अंगाला, आणि अशी अलगद वळवली की आतली वाइन जागी झाली नसेल. प्रत्येकीशी काहीतरी पुटपुटत होती. माझ्या इतक्या वर्षांच्या शौकात मी एकाही बाटलीला असा हात लावलेला नाही.

मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. रागावली. ही भेटायची वेळ नाही म्हणाली. नंतर माझ्या तोंडाकडे बघून जरा निवळली आणि विचारलं की मी चौदा नंबरचा नातेवाईक का. मी हो म्हटलं. तिने मला धीर दिला. पेशंट बरेच दिवस पडून आहे, पण कातडी शाबूत आहे, काळजीचं कारण नाही, फक्त वेळ चुकवायची नाही. मला उभ्या उभ्या रडू आलं, तर नातेवाइकांनी वॉर्डात रडायचं नसतं असं सांगून तिने मला दुसऱ्या बाजूने धरायला लावलं. आम्ही दोघांनी मिळून चौदा नंबरची कूस बदलली.

वर येताना मी मागून आधार देत होतो. अर्ध्या जिन्यात ती माझ्याकडे वळली आणि विचारलं की चहा टाकू का. या वेळी मला ओळखून.

डॉक्टरांकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी नाव सांगितलं, ते तुला ठाऊकच आहे. सुरुवात आहे म्हणाले. सुरुवात या शब्दाची मला आजवर कधी भीती वाटली नव्हती. आधी मी घाबरत होतो की मी हिला विसरेन. आता रोज दहाला, बाराला, दोनला, चारला वाट बघतो की आज मी कोण आहे. कधी नवरा असतो, कधी नातेवाईक. परवा वॉर्डबॉय होतो आणि झाडलोट नीट नाही म्हणून बोलणी खाल्ली.

तळघराला कायमचं कुलूप घातलं आणि किल्ली शेजाऱ्यांकडे दिली. फळ्या वर आणल्या, खिडकीजवळच्या खोलीत. बुचवाल्याने डोक्याला हात लावला. उजेड, ऊब आणि दिवसातून चार वेळा हलवणं, तीन महिन्यांत पोर्टचं वाटोळं होईल म्हणाला. मी सांगितलं, होऊ दे. मग काय वाटलं कोण जाणे, त्याने सोळा खाटांवर घालायला फडक्याचे सोळा तुकडे पाठवले.

काल चौदा नंबर उघडली. अजून पिकू दे म्हणायची आता माझी छाती होत नाही. बाटली दोन दिवस उभी ठेवून मग हळूच ओतायची असते, म्हणजे गाळ तळाशी राहतो. इथे दोन दिवस कोण देणार? चारची कूस झाली आणि तशीच उघडली. पेल्यात वाइन कसली, पावसानंतरचा ओढा. तिने घोट घेतला, जिभेवरचा कण बोटाने काढून पाहिला, आणि मला नावाने हाक मारून म्हणाली की एवढी वर्षं कशाला ठेवलीस, ताजी असताना दिली असतीस तर काय बिघडलं असतं. भीती लपवायला मी नावाड्याची कविता सुरू केली. चौथ्या कडव्यात अडलो. तिसरी ओळ तिने म्हटली, खिडकीबाहेर बघत. मुलांना शिकवायला मी ती तेहतीस वर्षं घरात घोकली, ही स्वयंपाकघरातून ऐकत होती.

ओळ मी तिच्याकडून वहीत लिहून घेतली आहे, तिच्या हातची. खाली सही कर म्हटलं, तर तिने माहेरचं नाव लिहिलं.

आज दहाच्या फेरीला तिने तक्रार केली की ती बुटकी शिकाऊ पोर कुठे आहे, नेहमीच उशीर करते, आणि एकट्याने सोळा खाटा होत नाहीत. मी सांगितलं की ती येते आहे. तेव्हा मुंगे, रजा संपली. शक्य तितक्या लवकर निघ, आणि दहाच्या आत पोच. मला एकट्याला फार भीती वाटते.

लोभ असावा, गाळासकट.

तुझा
दादा