खालून येणारा आवाज

आई, शेंगा भाजून पाखडून झाल्या होत्या, पाणी भरून झालं होतं आणि तू दाराशी राख घेऊन भांडी घासत होतीस. तुझं एक काम हलकं करावं म्हणून मी लोखंडी खलबत्ता ओढला आणि तसाच शहाबादी फरशीवर ठेवून चटणी कुटायला बसले. चार-पाच ठोके पडले असतील. तू राखेच्या हातांनीच आलीस आणि माझ्या हातातला बत्ता काढून घेतलास. आतल्या खोलीत बाबा गिरणीतली रात्रपाळी करून नुकतेच झोपले होते. मी म्हटलं, हळूच कुटतेय की. तू मला आत नेऊन बाबांच्या शेजारी आडवं केलंस, फरशीला कान लावायला सांगितलंस आणि बाहेर जाऊन एकच ठोका दिलास. माझे दात हलले. मग तू जुन्या लुगड्याची चुंबळ वळलीस, हंड्याखाली ठेवतात तशी, ती खलबत्त्याखाली सरकवलीस आणि पुन्हा ठोका दिलास. लांब कुठेतरी काही पडल्यासारखं वाटलं, तेवढंच. "तुला आवाज वरून येतो गं," तू म्हणालीस, "त्यांना खालून येतो."

सोलापूरची ती सकाळ मला इथे ओसाकात आठवली. तुला हे गाव माहीत असायचं कारण नाही. तू गेल्यावर मग तुझे जावई कंपनीतर्फे जपानला आले. थोड्या वर्षांसाठी म्हणून आलो आणि राहूनच गेलो. त्यांना नाद एकच, गाणं ऐकायचा. निप्पोनबाशीला विजेच्या वस्तूंचा बाजार आहे, तिथून त्यांनी माझ्या कमरेएवढे दोन स्पीकर आणले आणि कोपऱ्यात भिंतीला चिकटून ठेवले, कारण खोलीत दुसरी जागाच नव्हती. रोज सकाळी कामावर जायच्या आधी एक कॅसेट लागायची. मी तातामीवर, म्हणजे इथल्या गवताच्या जाड चटईवर, भाजी चिरत बसलेली असायची. डग्ग्याची घुमक चटईतून माझ्या पायांत चढायची. ते वारल्यावरही मी त्याच वेळी तीच कॅसेट लावत राहिले. गाण्यातलं मला फारसं कळत नाही. पण घरात कोणीतरी आहे असं पायांना वाटायचं.

आमचं घर लाकडी, दुमजली. खाली एक जोडपं राहतं. बाई मूळच्या क्योतोच्या, कचरा ठेवायला गेलं की भेटतात. एकदा मला ओकुसान, म्हणजे वहिनी, अशी हाक मारून म्हणाल्या, "तुमच्याकडे सकाळी किती छान संगीत चालू असतं." मला इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी मी आवाज थोडा वाढवला. हस तू. क्योतोची माणसं तक्रारही कौतुकात गुंडाळून करतात, आणि ही तक्रारच होती हे मला नंतर कळलं, जेव्हा त्यांच्या दोरीवर इथले टॅक्सीवाले घालतात तसले पांढरे हातमोजे वाळताना दिसले आणि खिडकीचा पडदा दुपारपर्यंत ओढलेला दिसला. रात्रपाळी, आई. तुझ्या लेकीला तरी ते आधी ओळखू यायला हवं होतं.

आवाज बारीक केला की घुमकच नाहीशी व्हायची. म्हणून मी यांची जुनी मासिकं काढली. मी सातवी शिकलेली, पण छापलेला कागद हातात आला की सोडत नाही, मग तो जपानी का असेना. शब्दकोश घेऊन बसले. कोपऱ्यातला स्पीकर फुगून बोलतो, तो भिंतीपासून पुढे घ्यावा, असं लिहिलं होतं. घेतला, तर खरंच गाणाऱ्याचा गळा मोकळा झाला. स्पीकरखाली दहा येनची नाणी ठेवावीत, असंही होतं. ठेवली. ती लहानपणीच्या खेळासारखी वाटली, पण फरक पडला. मग निप्पोनबाशीच्या दुकानदाराने पितळी टोकदार पाय दिले, भोवऱ्याच्या आरीसारखे. ते लावले आणि तबल्यावरचं एकेक बोट वेगळं ऐकू यायला लागलं. मला वाटलं, जमलं. दोन दिवस मी स्वतःवर खूश होते.

शनिवारी खालच्या बाईंना विचारलं, आता बरं आहे का. त्या म्हणाल्या, छे छे, त्रास कसला. हे उत्तर आता मी ओळखत होते. त्यांचे यजमान सार्वजनिक न्हाणीघरात गेले होते. मी वर कॅसेट चालू ठेवली आणि खाली जाऊन विचारलं, ते डोकं कुठे ठेवून झोपतात. बाई गोंधळल्या, पण जागा दाखवली. उशाशीच लाकडी खांब होता. मी त्याला कान लावला. वर बोटं मोकळी झाली होती, खाली प्रत्येक ठोका खांबातून टोचत होता. ते टोकदार पाय सगळा हादरा जमिनीत उतरवत होते, आणि माझी जमीन म्हणजे त्यांचं छत.

चहा देताना बाईंनी जपून विचारलं, हेडफोन नाही का वापरत तुम्ही. मी सरळ सांगून टाकलं, "मला कानांनी नाही, पायांनी ऐकायचं असतं. आमचे यजमान होते तेव्हा गाणं तसंच यायचं." त्यांनी माझा पेला पुन्हा भरला.

मी वर आले. लुगडं नव्हतं, यांचे पंचे होते. ते फाडून चुंबळी वळल्या, पितळी पाय काढले, प्रत्येक स्पीकरखाली एक फळी आणि फळीखाली चुंबळी. पुन्हा खाली जाऊन कान लावला. खांब गप्प होता. बाईंनीही हात लावून बघितला. "आता नाही," म्हणाल्या. मी चपला घालत होते तेव्हा दारातच म्हणाल्या, "रविवारी सकाळी आम्ही सासूबाईंकडे जातो. दुपारपर्यंत खाली कोणी नसतं. सहज सांगितलं."

वर त्या संध्याकाळी आवाज इतका स्वच्छ होता की हे असते तर शेजारच्या खोलीतून मला हाका मारून बोलावलं असतं. चटई मात्र नुसती चटई होती. एक विचारायचं राहिलं, आई. मला बाबांशेजारी झोपवलंस त्याच्या आधी तू स्वतः कधी तिथे कान लावून बघितला होतास का? लावला असणार. हे पत्र मी मासिकांच्या गठ्ठ्यात ठेवीन, टाकायला पेटी नाही. आणि खरं सांगायचं तर तो स्वच्छ आवाज मला आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ते दोघं सायकलींवरून गेलेले खिडकीतून बघितले, मग चुंबळी काढल्या, स्पीकर थेट जमिनीवर ठेवले, कॅसेट लावली आणि भाजी चिरायला बसले.