डावा मडगार्ड

धंतोली, नागपूर
१४ मे १९७७

तीर्थस्वरूप लहानूभाऊ यांस,

यमुनेचा नमस्कार. ‘तीर्थस्वरूप’ वाचून तुम्ही पाकिटावरचं नाव पुन्हा एकदा बघाल. पत्र तुम्हालाच आहे. सव्वीस वर्षांपूर्वी तुम्ही ज्या उमाळकर वकिलांकडे ड्रायव्हर होतात, त्यांची मी मुलगी.

इकडे सगळं ठीक. बापूजी एक्याऐंशीचे झाले. वकिली सुटली, पण उलटतपासणी सुटलेली नाही. रोज सकाळी दूधवाल्याची घेतात. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. लग्न केलं नाही. ऊन म्हणाल तर नेहमीचंच, नऊनंतर अंगणातल्या नळाला हात लावता येत नाही.

आता बातमी सांगते. आपली हिलमन गाडी अजून आहे. बापूजींचे गुडघे गेले तेव्हापासून ती शेडमध्येच उभी होती. मागच्या दिवाळीत भंगारवाला बघायला आला आणि त्यानं बाजारातल्या म्हशीला मारावी तशी तिच्या दारावर थाप मारली. मला राग आला. म्हटलं, विकायची नाही, मी दुरुस्त करणार आहे. बोलून बसले, मग करणं भाग पडलं. इंजिन एका मिस्त्रीकडे दिलंय, पत्र्याचं काम मात्र माझं मी करते. शाळेत मला ‘ठोकबाई’ म्हणतात, अर्थात माझ्या पाठीमागे.

उजव्या मडगार्डला टांग्याच्या धडकेनं खड्डा पडला होता. मला वाटलं, आतून जोरात ठोकला की येईल बाहेर. आला की! पण पत्रा ताणून सैल पडला आणि तुपाच्या डब्याच्या झाकणासारखा टपक-टपक आतबाहेर करू लागला. मी अजून ठोकला, तो अजून सैल झाला. असे चार महिने गेले. शेवटी नाक मुठीत धरून इतवारीत भांडी ठोकणाऱ्या बायजाबाईंकडे गेले. नवऱ्यामागे त्या एकट्या दुकान चालवतात. त्यांनी मडगार्ड पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

“खड्ड्याले काहून मारून राहिल्या बाई? तो तं आधीच मार खाऊन बसला आहे. त्याच्या काठाले मारा.”

तेव्हापासून त्या माझ्या गुरू. आता जरा बरं जमतं, निदान त्या हसत नाहीत.

डावा मडगार्ड मी सगळ्यात शेवटी ठेवला होता. त्याच्या रंगाखाली काय असेल, हे मला माहीत होतं. गेल्या आठवड्यात तो खरवडला. रंगाचे चार थर निघाले आणि खाली सकाळच्या तिरप्या उन्हात ठोक्यांच्या बारीक ओळी दिसल्या. काठापासून निघून गोल फिरत मध्यापर्यंत गेलेल्या, प्रत्येक ठोका शेजारच्याला जेमतेम शिवणारा. पुट्टीचा कण नाही. पत्रा कुठे सैल नाही, कुठे कडक नाही. भाऊ, मी चार महिने नापास झालेली बाई आहे, म्हणून मला कळलं की हे काय काम आहे. मी तिथेच खाली बसले आणि बराच वेळ त्यावरून हात फिरवत राहिले.

दुसऱ्या दिवशी बायजाबाईंना मुद्दाम घरी आणलं. त्यांनी डोळे मिटून तळवा फिरवला. म्हणाल्या, “हा घंगाळ ठोकणाऱ्याचा हात आहे वं. भंडाऱ्याकडचा. लोखंडावर असा मठार, असा ठोक्याले लागून ठोका, म्या नाही पाहिला.” मी तुमचं नाव सांगितलं. तुमचे वडील तांबट होते हेही सांगितलं. तुमचा भंडाऱ्याचा पत्ता त्यांनीच माहेरच्या ओळखीतून काढून दिला.

मग त्यांनी विचारलं, “किती दिवसात केलं त्यानं?”

“दोन.”

“मले आठ लागले असते. एवढी काय जल्दी होती त्याले?”

मी म्हटलं, माहीत नाही. म्हणजे मी पुन्हा एकदा खोटं बोलले.

जल्दी माझ्यासाठी होती. बापूजी खटल्यासाठी अमरावतीला गेले होते. गाडी शिकवा म्हणून मी तुमच्या मागे लागले आणि अंबाझरीच्या रस्त्यावर मी ती दगडी खांबावर घातली. सगळ्या घराचा विरोध असताना बापूजींनी मला बी.एस्सी.ला घातलं होतं. कॉलेज बंद व्हायला एवढं निमित्त पुरलं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, “तुम्ही घरी जा ताई, मी पाहतो.” बापूजी अर्धा दिवस आधी परत आले. गाडी जागेवर नव्हती. संध्याकाळी तुम्ही ती घेऊन आलात, अशी रंगवलेली, धुतलेली पुसलेली की बापूजींना मडगार्डवर काही दिसलंच नाही. तुम्ही म्हणालात, घरच्या कामानं पारशिवनीला नेली होती. त्यांनी तुम्हाला उभ्या उभ्या काढून टाकलं आणि चार वकिलांना सांगितलं, की हा माणूस भरवशाचा नाही. नागपुरात मग तुम्हाला कोणी ठेवलं नाही.

हॉलमध्ये मी उभी होते. मला एकच वाक्य बोलायचं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं असतंत तर मी बोलले असते, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. तेही खरं नाही. मी बोलले नसते. मला कॉलेज हवं होतं. ते मला मिळालं, नोकरी मिळाली, आणि तुमचं नाव मात्र गेलं ते गेलंच.

रविवारी मी बापूजींना सगळं सांगितलं. काठी टेकत ते शेडमध्ये आले, मडगार्डवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, “चाळीस वर्षं साक्षीदारायले सवाल केले यमे. अन् घरच्या माणसाले एक सवाल नाही केला, गाडी काहून नेली म्हणून.”

आज त्यांनी हे पत्र वाचायला मागितलं. चष्मा लावून इथपर्यंत वाचलं आणि ‘हॉलमध्ये मी उभी होते’ या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली. ती तुम्हाला दिसेल. म्हणाले, “हे वरतं पायजे होतं. सगळ्यात पहिलं.”

त्यांचं बरोबर आहे. तरी मी पत्र पुन्हा लिहीत नाही. तिथवर यायला मला किती पानं लागली, ते तुम्हाला दिसू दे.

तुम्हाला इकडे बोलवावं असं माझ्या मनात होतं. बापूजींनी हात हलवून नाही म्हटलं. “त्याले नको बोलावू. आपण जाऊ.” तेव्हा गाडी चालू झाली की तिच्यातूनच भंडाऱ्याला यावं म्हणतो, तुम्ही येऊ दिलंत तर. डाव्या मडगार्डला रंग देणार नाही, वरून नुसतं वॉर्निश. नको असेल तर तसं एका ओळीत कळवा. आम्ही येणार नाही, आणि तुम्हाला बोलही लावणार नाही.

त्या दिवशी गाडी चालवत होती ती,
यमुना